‘मी’ला लिंग विचारणारी भाषा

मराठीत ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ यांतलं एक निवडल्याशिवाय आल्याचं सांगता येत नाही. उर्दूतही सुटका नाही: मैं आया, मैं आयी. मी दोन्ही भाषा शिकवते, आणि ‘शिकवते’ म्हणताना मला विचार करावा लागत नाही. काहींना तो रोज करावा लागतो.

परळच्या शाळेत माझ्या वर्गात एक मूल होतं. हजेरीपटावर मुलगा. बोलणं मात्र ‘मला यायचंय’, ‘मी येईन’, ‘मला वाटतं’ असं. पावसाच्या सहलीवर दोन पानी निबंध लिहिला, तो सगळा ‘आम्ही’मध्ये: आम्ही भिजलो, आम्ही थकलो. वर्ग हसला, “टीचर, हा काय बादशहा आहे का?” मी म्हटलं, लखनौकडे एकटा माणूसही ‘हम’ म्हणतो, आणि कोल्हापूरकडच्या मुली बिनधास्त ‘मी आलो’ म्हणतात. त्यांना कोणी अडवत नाही.

तोंडी परीक्षेला दुसरे शिक्षक होते. त्यांनी हट्ट धरला, ‘मी’ने सुरू होणारं भूतकाळी वाक्य बोल. मूल गप्प उभं राहिलं. गुण गेले. भाषा येत होती, तरी गेले.

अमेरिकेतल्या स्पॅनिशभाषक समाजात असाच वाद आहे. तिथे ‘लॅटिनो’ पुरुष, ‘लॅटिना’ स्त्री. दोन्हींत न बसणाऱ्यांसाठी ‘लॅटिनएक्स’ आला. प्यू संस्थेच्या २०२०च्या अहवालात तो शब्द स्वतःसाठी वापरणारे ३ टक्के होते, २०२४च्या अहवालात ४. स्पॅनिश जिभेला तो अवघड जातो, म्हणून काहींनी ‘लॅटिने’ धरला. ‘ए’ने संपणारे शब्द त्या भाषेत आधीच आहेत.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ला तिसऱ्या लिंगाला मान्यता दिली. सरकारी कागदावर ‘तृतीयपंथी’ आहे, काही जण ‘पारलिंगी’ म्हणतात. लक्ष्मी त्रिपाठींनी आत्मकथनाच्या नावातच ‘हिजडा’ हा शब्द घेतला. ज्याची शिवी होते, तोच आपला केला. उर्दूत ‘ख्वाजासरा’ आहे, मोगल दरबारातला पदवीसारखा शब्द. आणि ‘आपल्यात असं काही नसतं’ म्हणणाऱ्या माझ्या मोहल्ल्यातल्या बुजुर्गांना अदबीने सांगते: शरीरावरून स्त्री की पुरुष ठरवता येत नाही, अशा व्यक्तीला फिकहच्या किताबांत ‘खुन्सा’ म्हटलंय. तिच्या नमाजाचे, वारशाचे मसले तिथे मांडलेत. माझ्या विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी असेल. पण आपल्या उलेमांनी अशा माणसांकडे पाठ फिरवली नव्हती, एवढं त्यातून कळतं.

नावं कोणती घ्यायची, हे ज्यांची आहेत त्यांनी ठरवावं. त्यात वेळ जाईल, भांडणंही होतील. तोवर उभं राहायला व्याकरणात जागा आहे. ‘आम्ही आलो’मध्ये बाई की पुरुष कळत नाही, ‘तुम्ही आलात’मध्येही नाही. ‘मी येईन’ तर सगळ्यांचं सारखंच. चौदा-पंधरा वर्षांचं लेकरू स्वतःच्या बळावर ही जागा शोधून काढतं, म्हणजे त्याला मराठी उत्तम येते.

माझ्याकडे वही आली, तर एकट्याच्या ‘आम्ही’खाली मी लाल रेघ ओढत नाही. सहकाऱ्यांनाही तेवढंच सांगते.