दारातली गाडी, वहीतला खर्च

मैत्रिणींनो, 'गाडी घेतली' म्हटलं की शेजारणी पेढे मागतात. पण ती पोसायला महिन्याला काय लागतं, हे कुणी विचारत नाही. घरातला डबा न डबा मोजून भरणाऱ्या आपण, या हिशेबाच्या वेळीच मागे का सरायचं?

आमचं गाव दुसरबीड, सिंदखेडराजा तालुक्यातलं. मामंजींना गेल्या वर्षापासून डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा जालना, जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. तुम्ही म्हणाल, एस.टी. आहे की! आहेच. आपल्याला मार्च 2023 पासून अर्धं तिकीट, आणि पंचाहत्तरी उलटलेल्या मामंजींना प्रवास फुकट. त्याहून स्वस्त काहीच नाही. पण डायलिसिस झालेल्या माणसाला स्टँडवर ताटकळत बसवत नाही हो! म्हणून भाड्याची गाडी करायचो. खेपेला 2,200 रुपये, महिन्याच्या आठ खेपा, झाले 17,600. लेकीच्या शिकवणीचे पैसेही त्यातच जाऊ लागले.

शेवटी मीच विषय काढला, "अहो, लहानशी गाडीच घेऊ या का?" हे म्हणाले, "हप्ता झेपेल का ते बघू." मी म्हटलं, नुसता हप्ता नाही, सगळंच बघू. आणि वही उघडली.

पहिली गोष्ट, जाहिरातीतली किंमत ही शेवटची किंमत नसते. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला, हे खरं. पण साडेचार लाखांच्या पेट्रोल गाडीवर आपल्या राज्यात 11 टक्के रस्ता-कर, म्हणजे 49,500 रुपये वेगळेच. वर विमा आणि नोंदणी. विमा शोरूममधूनच घ्यायला हवा अशी सक्ती नसते. दोन-तीन ठिकाणी विचारा. सीट कव्हरं, मॅट असल्या हौशी पहिल्या दिवशी मुळीच नकोत.

माझी भिशी आणि सोयाबीनचे पैसे घालून तीन लाखांचं कर्ज उरलं. साडेनऊ टक्के व्याजाने पाच वर्षांचा हप्ता साधारण 6,300. विमा आणि सर्व्हिसिंगचे वर्षाचे 21,000 धरले, ते महिन्याला 1,750. टायर-बॅटरीसाठी 500 बाजूला. म्हणजे गाडी दारातून हलली नाही तरी 8,550 रुपये गेलेच! पेट्रोल 105 रुपये लिटर आणि लिटरला 18 किलोमीटर धरले, तर जालन्याच्या एका खेपेला 583 रुपये. आठ खेपांसह एकूण तेरा हजार दोनशेच्या आसपास. भाड्यापेक्षा चार हजारांवर कमी, म्हणून गाडी घेतली. खेपा चारच असत्या, तर भाड्याचीच गाडी स्वस्त पडली असती. तेव्हा माझं बघून घेऊ नका. तुमच्या खेपा मोजा.

आता प्रश्न चालवायचं कोणी? ह्यांचं बी-बियाण्यांचं दुकान. पेरणीच्या दिवसांत क्षणाची उसंत नाही. ड्रायव्हर ठेवला तर सगळी बचत त्याच्या पगारात जाणार. सासूबाई आधी गप्पच होत्या. मग म्हणाल्या, "सूनबाई, तूच शीक." शिकाऊ लायसन्स काढलं, तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा दिली. पहिल्यांदा राहेरीच्या पुलावर हातापायांना घाम फुटला होता. आता मामंजी बाजूच्या सीटवर निवांत डुलकी काढतात.

खर्च आटोक्यात ठेवायच्या दोन-चार गोष्टी सांगते. टायरची हवा पंधरवड्याला तपासा. हवा कमी असली की पेट्रोल जास्त जातं. टाकी पूर्ण भरून किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. पुन्हा पूर्ण भराल तेव्हा मधले किलोमीटर भरलेल्या लिटरने भागा. खरं ॲव्हरेज कळतं. ते एकदम घटलं तर मेकॅनिक गाठा. पीयूसी आणि विम्याची तारीख कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारीच लिहा. आणि जालन्याला जायचंच आहे तर दुकानाचा माल, महिन्याचं सामान त्याच खेपेत आणा.

गाडी घ्यायचा विचार असेल, तर आधी तीन महिने एक करून पाहा. हप्ता, विमा, सर्व्हिसिंग मिळून होईल तेवढी रक्कम दर एक तारखेला पोस्टात टाका. घर न कुरकुरता चाललं, तर खुशाल शोरूमची पायरी चढा. आणि हो, चालवायला तुम्हीही शिका.