गाळातली साक्ष

भिगवण, रविवार.

सकाळी उजनी धरणाच्या काठावर फ्लेमिंगो बघणाऱ्यांची गर्दी होती. आम्ही होडी थांबवून तळाचा गाळ वर काढला, बारीक चाळणीत धुतला. उरल्या त्या वळवळणाऱ्या लालभडक अळ्या. होडीवाले मामा म्हणाले, "हे तर माशांचं खाणं." खरंच आहे. पण या अळ्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्यासारखा. म्हणून प्राणवायू जवळपास संपलेल्या गाळातही या कायरोनोमिड अळ्या तग धरतात. मेफ्लाय या कीटकाची पिल्लं तिथं गुदमरतात. म्हणूनच ब्रिटनमध्ये नद्यांची स्वच्छता जोखायला बनवलेल्या गुणपद्धतीत मेफ्लायच्या बहुतेक कुळांना 10 गुण, या अळ्यांना फक्त 2.

तपासणीसाठी बाटलीत भरलेलं पाणी त्या क्षणापुरतं बोलतं. अळी मात्र कित्येक दिवस तिथंच असते. रात्री कुणी काय सोडलं, तेही तिनं सोसलेलं असतं. खोल धरणाच्या तळाशी प्राणवायू तसाही कमी, म्हणून एका चाळणीवरून निकाल देऊ नये. काठाचा, मधला, दर ऋतूतला गाळ पाहायला हवा. तरी आज मेफ्लाय एकही नव्हती, याची रुखरुख घेऊनच परतले. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून, भीमेतून इथंच येतं. आणि हेच पाणी सोलापूर पितं.