म्हातारे, पण मेलेले नाही

हेंड्रिक ग्रून 83 वर्षांचा. अ‍ॅमस्टरडॅमच्या वृद्धाश्रमात बसून रोजनिशी लिहितो. 2014 सालची ही डच कादंबरी. तो आणि त्याचे मित्र एक क्लब काढतात, ‘म्हातारे, पण मेलेले नाही’. प्रत्येकाने पाळीपाळीने सहल ठरवायची, रडगाणं गायचं नाही. वाचताना हसू येतं, पण लेखक फसवत नाही. एव्हर्टला मधुमेह कुरतडत राहतो, हेंड्रिकला आवडणाऱ्या एफ्येला पक्षाघात होतो. क्लब मात्र चालूच.

आपल्याकडे साठी उलटली की हातात तस्बीह देतात आणि म्हणतात, “अब अल्ला अल्ला करो.” इबादत हवीच, पण या वाक्यात इबादतीपेक्षा ‘आता मध्ये मध्ये करू नका’ हेच जास्त ऐकू येतं. हातात रोप असताना कयामत आली तरी जमलं तर ते लावून टाका, या अर्थाची हदीस आम्ही पर्यावरणाच्या धड्याला मुलांना सांगतो. म्हाताऱ्यांना कोण सांगतं?

अम्मीला समुद्र पाहायचाय. भाईजान म्हणाले, “इस उम्र में?” मी रत्नागिरीच्या एसटीची वेळ विचारून आले. 75 पुढच्यांना प्रवास मोफत आहे, तिकीट फक्त माझं.