पहिल्या गिअरचा आवाज: जव्हार-मोखाड्याच्या घाटातला एक अलिखित इतिहास

१/ मंडळी, या मालिकेत आपण बहुधा ताम्रपट, सनदा, किल्ले आणि बखरी यांविषयी बोलतो. आजचा विषय आहे एक पोलादी दांडा आणि त्यावरचा घासून गुळगुळीत झालेला गोळा, अर्थात मोटारीचा गिअर. हाताने गिअर टाकण्याची विद्या आपल्या पिढीच्या डोळ्यांदेखत ओसरते आहे. या ओसरण्याकडे मी जव्हार-मोखाड्याच्या घाटातून पाहते, कारण माझे वडील याच रस्त्यांवर काळी-पिवळी जीप चालवीत.

२/ आधी भूगोल. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर वसले आहे. पश्चिमेकडून विक्रमगडचा रस्ता चढत येतो. पूर्वेला मोखाडा, त्यापुढे तोरंगणचा घाट आणि मग त्र्यंबकेश्वर. चढ, वळण, उतार, पुन्हा चढ असा हा मुलूख. दोन्ही तालुक्यांत आजही रेल्वे नाही. त्यामुळे इथल्या माणसाचे बाहेरच्या जगाशी असलेले नाते रस्त्याने आणि रस्त्यावरच्या चाकांनी ठरवले.

३/ इतिहासही दोन वाटांनी आलेला. जव्हार हे महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे संस्थान. १३४३ हे साल परंपरेने त्याच्या राजमान्यतेचे मानले जाते. विस्तार सुमारे ३१० चौरस मैल. शेजारचा मोखाडा मात्र ब्रिटिश अमलातील ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याचा पेटा. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि दोघे एकाच जिल्ह्यात आले. १ ऑगस्ट २०१४ पासून तो जिल्हा पालघर.

४/ विलीनीकरणाच्या त्याच वर्षी, १ जून १९४८ रोजी, पुणे ते तेव्हाचे अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. आरंभीच्या ताफ्यात शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा दहा बनावटींच्या गाड्या होत्या. चालकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की प्रत्येक गाडीचा क्लच निराळा, दांड्याची चाल निराळी. आज जी गाडी हाती येईल, तिचा स्वभाव आजच ओळखायचा.

५/ मुळात गिअर लागतो कशाला? इंजिन ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यातच नीट जोर देते. फार मंद झाले तर बंद पडते, फार वेगाने फिरवले तर स्वतःचीच हानी करून घेते. चाकाला मात्र चढावर संथ आणि सपाटीवर वेगाने फिरायचे असते. गिअर या दोघांमध्ये तडजोड घडवतो. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या पुष्कळ फेऱ्या होतात तेव्हा चाकाची एक होते. वेग द्यायचा आणि त्या बदल्यात जोर घ्यायचा, असा हा साधा व्यवहार आहे.

६/ दातेरी चक्रे सरकवून गिअर बदलण्याची पद्धत १८९० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समध्ये एमिल लव्हासोर याने मोटारीत रूढ केली. अडचण अशी की फिरती चक्रे एकमेकांत गुंतवताना त्यांचा वेग जुळला नाही, तर दातांवर दात घासून कर्कश आवाज होतो. यावर चालकांनी काढलेला तोडगा म्हणजे डबल क्लच. क्लच दाबून न्यूट्रल करा, सोडा, गरजेप्रमाणे इंजिनाचा वेग जुळवा, पुन्हा क्लच दाबा आणि मग गिअर टाका. हे सारे एका श्वासात.

७/ १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणले. गिअर गुंतण्यापूर्वीच चक्रांचे वेग जुळवणारी ही रचना. तरीही जुनी पद्धत लगेच हटली नाही. १९४७ पासून मुंबईत महिंद्रांनी विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे आलेल्या सीजे-थ्रीबी जीपमध्ये तीन गिअर होते आणि पहिल्याला सिंक्रोमेश नव्हते. गाडी चालू असताना पहिला टाकायचा, तर डबल क्लच अटळ. आणि घाटात नेमका पहिलाच लागतो.

८/ १९५४ मध्ये जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीजचे ट्रक बाहेर पडू लागले आणि कालांतराने टाटाचे ट्रक गावोगावच्या रस्त्यांवर दिसू लागले. माझे वडील ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अशाच एका जुन्या ट्रकवर किन्नर म्हणून लागले. किन्नर म्हणजे क्लीनर. काच पुसणे, हवा पाहणे, चढावर थांबलेल्या गाडीच्या चाकाखाली दगड लावणे ही त्याची कामे. स्टिअरिंग हाती यायला दोन वर्षे लागली. ती दोन वर्षे त्यांनी केवळ उस्तादाचा डावा हात पाहिला.

९/ इतिहासाच्या भाषेत बोलायचे तर ही गुरुशिष्य परंपरा होती, आणि तिची एकही पोथी नाही. मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६६ मध्ये मांडलेला मुद्दा इथे तंतोतंत लागू पडतो. माणसाला जेवढे सांगता येते, त्याहून अधिक ठाऊक असते. क्लच नेमका कुठे ‘धरतो’, हे वडिलांना आजही शब्दांत सांगता येत नाही. पाय उचलून दाखवता मात्र येते.

१०/ मला त्यांनी जीप शिकवली ती जव्हारबाहेरच्या एका चढावर. वेगमापक बंदच होता. ते एवढेच म्हणाले, “गाडी दमली की ती सांगते. तू कान दे. डोळे रस्त्यावरच राहू दे.” इंजिनाचा सूर जड होऊ लागला की खालचा गिअर, चिरका झाला की वरचा. दस्तऐवज वाचताना अक्षरांचे वळण ओळखावे लागते, तसे इथे आवाजाचे वळण ओळखायचे. पुढे मोडी शिकताना मला ही तुलना वारंवार आठवली.

११/ घाटाचा एक जुना नियम आहे: ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. यामागे पक्के यंत्रशास्त्र आहे. खालच्या गिअरमध्ये चाकेच इंजिनाला फिरवू लागतात आणि इंजिन गाडीला मागे ओढून धरते. ब्रेकवरचा भार हलका होतो. याउलट सारा उतार केवळ ब्रेकवर उतरला, तर ब्रेक तापतात आणि एका क्षणी धरेनासे होतात.

१२/ मात्र जुने चालक सारेच या नियमाचे उपासक होते, असे समजू नये. डिझेल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडणारेही होते, आणि त्याची किंमत प्रवाशांनी मोजली आहे. भूतकाळाला सोन्याचा मुलामा देणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम नव्हे. गिअर हाती असणे आणि गिअरचे भान असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१३/ आता उताराकडे, म्हणजे या विद्येच्या ओसरण्याकडे. आपोआप बदलणारा गिअर नवा नाही. अमेरिकेत ओल्डस्मोबिलच्या १९४० च्या गाड्यांत हायड्रा-मॅटिक गिअरबॉक्स आला. भारतात मात्र ही सोय दीर्घकाळ महागड्या गाड्यांपुरती राहिली. २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ एएमटीसह आली आणि चित्र पालटू लागले.

१४/ एएमटीची गंमत अशी की आतला गिअरबॉक्स जुनाच असतो. तीच दातेरी चक्रे, तोच क्लच. फक्त क्लच दाबणे आणि गिअर टाकणे ही कामे संगणकाच्या आज्ञेने यंत्र करते. गिअर तसेच राहिले आणि माणसाचा हात तेवढा वगळला गेला. तंत्रज्ञानाच्या इतिहासात असे संक्रमण पुष्कळदा आढळते. वस्तू टिकते आणि तिच्याभोवतीचे कसब निघून जाते.

१५/ दुचाकींत हे आधीच घडले. बजाज चेतकचा गिअर डाव्या मुठीत असे आणि मूठ पिळून तो बदलावा लागे. १९८४ च्या कायनेटिक होंडाने गिअर बदलण्याची कटकटच संपवली. २०२० मध्ये चेतक हे नाव परतले ते विजेवर, गिअरविना. आणि १ जून २०२२ रोजी एसटीची विजेवर चालणारी ‘शिवाई’ धावली, तीही त्याच पुणे-अहमदनगर मार्गावर. ७४ वर्षांत एका रस्त्याने गिअरचे एक अख्खे युग पाहिले.

१६/ मग हळहळ कोणाला वाटते? ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घडवला. घरापासून दूर गेलेल्यांना जडणाऱ्या व्याधीचे ते नाव होते. म्हणजे स्मरणरंजनाला अंतर लागते. गिअरच्या आठवणीने व्याकूळ होणारे लेख मी वाचले आहेत. त्यांतील बहुतेकांनी गाडी आनंदासाठी चालवली होती.

१७/ माझ्या वडिलांनी ती पोटासाठी चालवली. खोडाळा, मोखाडा, जव्हार. दिवसातून कितीदा क्लच दाबला याची गणती नाही. पन्नाशीआधीच डावा गुडघा गेला आणि जीप विकावी लागली. परवा एका नातलगाची गिअर न बदलावा लागणारी गाडी त्यांनी चालवून पाहिली. मला वाटले, नाक मुरडतील. गाडी बंद करून थोडा वेळ ते तसेच बसले आणि म्हणाले, “हे वीस वर्षं आधी आलं असतं, तर पाय राहिला असता.”

१८/ त्या वाक्याने माझा विषय बदलला. तोवर मी एका हरवणाऱ्या कलेचा शोकलेख मनात जुळवत होते. त्यानंतर लक्षात आले की कौशल्याचा इतिहास लिहिताना ज्या शरीराने ते कौशल्य वाहिले, त्याचाही हिशेब मांडावा लागतो. गिअर बदलावा न लागणाऱ्या स्कूटरवर आज पाड्यापाड्यांत जाणाऱ्या शिक्षिका आणि परिचारिका मला दिसतात. त्यांच्यासाठी गिअर जाणे ही हानी नव्हे, मोकळीक आहे.

१९/ याच मुलखात आणखी एक स्तर आहे. १९९२-९३ च्या सुमारास जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी हे नाव बालकांच्या कुपोषणमृत्यूंमुळे साऱ्या राज्याला कळले. आजही रस्ता नसलेल्या पाड्यांतून रुग्णाला डोलीत घालून डांबरी सडकेपर्यंत आणावे लागते. जिथे चाकच पोहोचले नाही, तिथे गिअर हाताचा की आपोआपचा, हा प्रश्न उद्भवतच नाही.

२०/ म्हणूनच पहिल्या गिअरच्या आवाजाचा अर्थ इथे वेगळा होता. पावसाळी रात्री धुक्यात दिवे दिसत नसत, आवाज मात्र आधी येई. कोणती जीप चढते आहे, रिकामी की भरलेली, हे अंगणात उभी राहून आई ओळखायची. वडिलांनी कित्येक बाळंतिणींना त्या आवाजात जव्हारच्या रुग्णालयात पोहोचवले. डोलीच्या टोकाशी वाट पाहणाऱ्यांना तो आवाज गाणे वाटत असेल, तर ते स्मरणरंजन नव्हे. गाडी आली, एवढाच त्याचा अर्थ होता.

२१/ तरीही काहीतरी खरोखरच हरवते आहे, आणि त्याची नोंद व्हायला हवी. पावसाळ्यात दाभोसा धबधबा पाहायला येणाऱ्या गाड्या उताराच्या पायथ्याशी थांबतात, तेव्हा तापलेल्या ब्रेकचा वास येतो. अनेक स्वयंचलित गाड्यांत खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय असते. दांड्याशेजारी एखादे अक्षर कोरलेले असते. ते कशासाठी आहे, हे ठाऊक नसते. जुन्या उस्तादांचा नियम त्या अक्षरात आक्रसून बसला आहे आणि वाचणारा उरलेला नाही. विजेच्या गाडीत हेच काम मोटर करते. उतरताना ती जनित्र बनते, गाडीला रोखते आणि वीजही परत देते. यंत्राने नियम पाळला. माणसाने तो विसरू नये, एवढेच.

२२/ डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराचे म्हणणे असे की तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांपेक्षा वापरावरून लिहावा. या धाग्यात १८९०, १९२८, १९४० या तारखा आल्या. जव्हारच्या वापराचा इतिहास मात्र कुठल्याही दप्तरखान्यात मिळणार नाही. तो निवृत्त एसटी चालकांच्या, जीपवाल्यांच्या आणि किन्नरांच्या हातापायांत आहे, आणि ही माणसे म्हातारी होत आहेत.

२३/ म्हणून एक विनंती. आपल्या घरात, गल्लीत, आगारात असा कोणी असेल, तर फोनचे ध्वनिमुद्रण सुरू करून एवढे विचारा: पहिली गाडी कोणती? शिकवले कोणी, किती काळात? कोणत्या घाटात कोणता गिअर? गाडी ‘दमली’ हे कशावरून कळे? आणि शेवटी, शरीराचे काय झाले? हा शेवटचा प्रश्न गाळू नका.

२४/ मी वडिलांपासून सुरुवात केली आहे. आतापर्यंत चार तास मुद्रण झाले. त्यातला बराचसा वेळ ते बोलतच नाहीत. खुर्चीवर बसून डावा पाय दाबतात, हात हवेत पुढे-मागे नेतात आणि म्हणतात, “असं.” ध्वनिमुद्रणात ते उतरत नाही, म्हणून पुढच्या वेळी कॅमेरा लावणार आहे.