पांढऱ्या लेबलची तबकडी

गाणं संपतं, पेटीचा सूर क्षणभर रेंगाळतो आणि मागून कुणीतरी दाद देतं. तो माणूस ‘वा बाई’ म्हणतो की ‘वा बुवा’, यावर आमच्या ओटीवर सबंध पावसाळाभर वाद झाले. पहिलं ‘वा’ स्वच्छ ऐकू येतं. पुढचं अक्षर खरखरीत बुडतं आणि तबकडी संपते.

कशेळ्याच्या घराची कौलं शाकारायची होती, म्हणून पोटमाळा रिकामा केला. तेव्हा आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली आली. आजोबा तरुणपणी गिरगावात पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात कामाला होते. ट्रंकेत पितळी रीड्स, भात्याच्या कातड्याचे तुकडे आणि धोतरात गुंडाळलेली ही तबकडी. तिच्या एकाच बाजूला गाणं आहे, दुसरी बाजू कोरी. मधलं लेबल पांढरं, त्यावर गायकाचं नाव नाही, रागाचं नाही, कंपनीचंही नाही. अशी तबकडी विक्रीसाठी नसते. कारखान्यातून पसंतीसाठी काढलेला तो नमुना असतो. संग्राहक त्याला सॅम्पल म्हणतात.

जुन्या गाण्यांच्या नादानं एकत्र आलेले आम्ही चारपाचजण, कुणी नेरळचा, कुणी खोपोलीचा. कडावचे एक निवृत्त गुरुजी पेटी वाजवतात. सगळे जमले आणि चावीचा ग्रामोफोन बाहेर काढला. आमच्याकडे पावसात वीज जाते, त्यामुळे चावीचं यंत्र सोयीचं पडतं.

पहिल्यांदा शोधला तो नंबर. बॅटरी अगदी आडवी धरून तबकडी हळूहळू फिरवली, तेव्हा लेबलच्या कडेशी लाखेत उमटलेले आकडे सावलीमुळे वर आले. याला मॅट्रिक्स नंबर म्हणतात. लेबल फाटतं, बदलतं, कधी चुकीचंही छापलं जातं, पण हा नंबर मूळ साच्यातूनच आलेला असतो. आमच्या तबकडीवरचा पहिला आकडा झिजला आहे. तो 3 आहे की 8, हे भिंगातूनही ठरेना.

मग कान लावले. तंबोरा ऐकूच येत नाही, तबला लांब कुठेतरी, ‘स’ आणि ‘श’ पुसट. म्हणजे मायक्रोफोनच्या आधीचं, भोंग्यात तोंड घालून केलेलं मुद्रण. विजेवरचं मुद्रण 1925 पासून सुरू झालं, आपल्याकडे त्याच्या थोडं मागून. त्याआधी गाणारा भोंग्याला चिकटून बसायचा आणि तान चढली की त्याला मागे सरकावं लागायचं. सुई थेट मेणाच्या जाड तबकडीवर रेघ कोरायची. ते मेण वाजवून पाहिलं तर रेघ खराब होई, म्हणून आपण काय गायलो हे गायकाला तिथल्या तिथे कळायचं नाही. 1902 साली ग्रामोफोन कंपनीच्या गेसबर्गने कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा साचे जर्मनीत हॅनोव्हरला जायचे. तिथल्या कारागिरांना ओळख पटावी म्हणून गाणाऱ्या बायका शेवटी आपलं नाव पुकारत. 1908 साली कलकत्त्यात कारखाना निघाला, पण नमुना येईपर्यंत वाट पाहणं होतंच. आमच्या हातातली तबकडी म्हणजे त्या गाणाऱ्याने बहुधा स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला ती वस्तू. हे लक्षात आल्यावर तिला हात लावताना मला गलबलून आलं.

पद ‘सौभद्रा’तलं, सुभद्रेचं. एवढ्यावरून काही ठरत नाही. ‘सौभद्र’ 1882 सालापासून रंगभूमीवर आहे आणि त्या काळी सुभद्रा पुरुषच उभी करत. बालगंधर्व स्त्रीभूमिकांत गायले, केशवराव भोसलेही गायले. उंच, गोड, लवचिक आवाज ऐकून ‘बाई’ म्हणावं तर तो बुवांचा निघू शकतो.

गुरुजींनी पेटी जवळ ओढली. तबकडीतल्या पेटीचा षड्ज त्यांच्या कुठल्याच पट्टीत बसेना. काळी चार आणि पांढरी सहा यांच्या मधोमध लोंबकळत होता. खरी गोम तिथेच सापडली. ‘78 फेरे’ हे नाव पक्कं असलं तरी जुन्या मुद्रणांत यंत्राचा वेग सत्तरच्या खाली जाई, ऐंशीच्या वरही. वेग सहा टक्क्यांनी उतरवला की सूर अर्ध्या स्वराने खाली येतो, म्हणजे 78 वरून साधारण 73 ते 74 वर. तबकडीखाली कागदाची चिठ्ठी ठेवली, घड्याळ लावून फेरे मोजले आणि गव्हर्नर फिरवून ग्रामोफोनचा वेग थोडा थोडा कमी केला. काळी चारवर सूर जुळला, तेव्हा आवाजात जरा वजन आलं आणि तबल्याचा ठेका मोकळा झाला. आणखी एक पट्टी खाली गेलो, तर तो सरळसरळ पुरुषाचा आवाज वाटायला लागला. पण त्या वेगाला मुरकी ओढल्यासारखी जाते, तिचा नेमका झटका नाहीसा होतो. माझा कौल काळी चारला आहे. गुरुजी अजून खालच्या पट्टीवर अडून आहेत, आणि त्यांचा कान माझ्यापेक्षा तयार आहे.

तबकडी बघून गेलेल्या एका पाहुण्यांनी सुचवलं, बालगंधर्व लिहून टाका, किंमत येईल. मी हात जोडले. अल्लादियाखाँसाहेबांनी मुद्रण नाकारलं, भास्करबुवा बखल्यांचा आवाज मागे राहिला नाही, आणि त्यांच्या नावाची तबकडी सापडावी म्हणून माणसं आयुष्यभर आस लावून बसली. त्या आशेत कुणाचाही आवाज कुणाच्याही नावावर चढवणं हा गाणाऱ्यावर अन्याय आहे. मुद्रणाच्या त्या खोलीत कुणीतरी जीव ओतून गायलं. अंतऱ्यावर दम पुरत नाहीसा वाटताना एक छोटी जागा घेऊन श्वास सावरला, तो मला आता पाठ झाला आहे. कदाचित त्या श्वासामुळेच हा नमुना नापसंत झाला असेल. दुसऱ्याचं नाव चढवलं की तो श्वासही त्याच्याच खात्यात जमा होतो.

मुंबईत 1990 सालापासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे. सुरेश चांदवणकरांनी तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’मधून अशी किती कोडी मांडली. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल किनियर यांनी 1899 ते 1908 या काळातल्या मुद्रणांची नंबरवार सूची छापली. मॅट्रिक्स नंबर साधारणपणे मुद्रणाच्या क्रमाने पडतात, त्यामुळे आमच्या नंबरच्या अलीकडची किंवा पलीकडची तबकडी कुणाकडे निघाली तर त्या दिवशी भोंग्यापुढे कोण बसलं होतं, याचा माग लागेल. पहिला आकडा 3 धरून एक यादी केली आहे, 8 धरून दुसरी. खोपोलीच्या मित्राने तबकडी दोन्ही वेगांवर संगणकात उतरवून घेतली आहे आणि दिवाळीनंतर पुण्याच्या एका जाणत्या संग्राहकांकडे तिला घेऊन जायचं ठरलं आहे.