नको काय, ते सांगा!

मैत्रिणींनो, तुमच्या घरीही हे होत असणार. रात्रीची झाकपाक करताना आपण विचारायचं, ‘उद्या काय करू?’ आणि आतल्या खोलीतून उत्तर यायचं, ‘काहीही कर!’ ऐकायला किती उदार वाटतं नाही? पण दुसऱ्या दिवशी ते ‘काहीही’ पानात पडलं, की लगेच, ‘आज परत दुधीच का?’ म्हणजे ठरवायचं ओझं आपल्या डोक्यावर आणि नाक मुरडायचा हक्क मंडळींचा! सकाळी शाळेतले माझे तीन तास, दुपारी मुलांचे अभ्यास, आणि ह्या सगळ्याच्या मागे दिवसभर हा एक प्रश्न भुणभुणत असतोच.

हा प्रश्न एक आख्खी संध्याकाळ माझ्या डोक्यातून गेला, तो एका जपानी हॉटेलात. त्याचीच हकीकत सांगते.

आमचे धाकटे दीर तोक्योला नोकरीला असतात. तिथल्या निशी-कासाई भागात म्हणे आपल्या लोकांची मोठी वस्ती आहे. त्या एदोगावा विभागाच्या सभेवर 2019 साली मूळचे अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक निवडून आले होते, तोच हा भाग. तर भाऊजी सुटीवर आले होते आणि नेमकी सासूबाईंना पंचाहत्तर पूर्ण होत होती. भाऊजी म्हणाले, “आईला ह्या वेळी मी जेवायला नेणार. घोडबंदरच्या बाजूला नवीन जपानी हॉटेल निघालंय, तिथे.”

जपानी जेवण म्हणजे बड्या लोकांची चैन, असंच आपल्याला वाटतं. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात मासाहारू मोरिमोतो ह्या नामांकित शेफच्या नावाचं ‘वसाबी’ 2004 साली सुरू झालं, ते आपण फक्त वाचलेलं. आता तेच जेवण ठाण्यात येऊन पोचलं! आम्ही नौपाड्यातली माणसं. बाहेर खायचं म्हणजे मामलेदार कचेरीजवळची मिसळ. तिथे निवड करायची ती एवढीच, की तिखट, मध्यम की कमी. मामंजी तर म्हणाले, “कच्चे मासे खायला एवढं लांब कशाला? मार्केटात जाऊ, कोळणीसमोर उभ्यानंच खाऊ!”

तिथे गेलो तर मेन्यूकार्डच नाही! एक लांब लाकडी फळी, तिच्या पलीकडे शेफ उभा आणि अलीकडे आम्ही ओळीनं बसलेले. भाऊजींनी सांगितलं, की ह्या पद्धतीला ‘ओमाकासे’ म्हणतात. ‘माकासेरू’ म्हणजे सोपवणं. ‘काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा, आम्ही तुमच्यावर सोपवलंय,’ असं गिऱ्हाईकानं शेफला म्हणायचं. तो त्या दिवशी जे उत्तम मिळालं असेल ते एकेक करून पुढे ठेवत जाणार.

मनात म्हटलं, ह्यात नवीन ते काय? आपल्या जुन्या खानावळीत तरी काय हवं म्हणून कोण विचारत होतं? जे शिजलं असेल ते पानात पडायचं. पण फरक होता, आणि तो लगेचच कळला. शेफनं हात पुसले, प्रत्येकाकडे नीट पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला. तो मुलगा दार्जिलिंगकडचा, हिंदीतून बोलत होता. त्यानं ‘काय हवं’ हे विचारलंच नाही. तो म्हणाला, “काय नको, ते सांगा.”

ह्यांनी सांगितलं, “फार तिखट नको.” माझ्या लेकीनं कांदा नको म्हटलं. सासूबाईंची पाळी आली, तेव्हा त्या सवयीनं म्हणाल्या, “मला काहीही चालतं.” पण तो मुलगा हटेना. “माँजी, एखादी तरी गोष्ट असेल की!” सासूबाई जरा लाजल्या, पदर सारखा केला आणि हळूच म्हणाल्या, “वांगं. मला वांगं नाही आवडत.”

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघतच राहिलो! अहो, आमच्या घरी भरली वांगी म्हणजे सासूबाईंची खासियत. मामंजींना अतिशय प्रिय, म्हणून दर रविवारी ठरलेली. पंचावन्न वर्षं त्या ती करताहेत, वाढताहेत आणि शेवटी आपल्या पानातही घेताहेत. मामंजी म्हणाले, “अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“कुणी विचारलंच नाही. त्यात काय एवढं!” सासूबाई म्हणाल्या आणि समोरची आल्याची चकती चाखून बघू लागल्या. मामंजी मात्र बराच वेळ गप्प होते.

मग एकेक पदार्थ येऊ लागला. पहिल्यांदा मिसोचं गरम सूप. मिसो म्हणजे सोयाबीन, मीठ आणि मुरवणीचा तांदूळ घालून महिनोन् महिने मुरवलेला गोळा. मग सुशी. सुशी म्हणजे कच्चा मासा, अशी आपली समजूत. खरं तर सुशी हे नाव आंबट केलेल्या भाताचं. फार पूर्वी मासा टिकावा म्हणून तो भातात दाबून आंबवत, आणि नंतर भात टाकून देऊन नुसता मासा खात. पुढे भातालाच व्हिनेगर लावायला लागले. भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवायची रीत एकोणिसाव्या शतकात, एदो म्हणजे आजच्या तोक्योत रूढ झाली. तेव्हा ते रस्त्यावर उभ्यानं खायचं खाणं होतं, आपल्या वडापावसारखं! भातही आपल्या इंद्रायणीसारखा चिकट. त्याशिवाय मुटका वळणार कसा?

सासूबाईंपुढे शेफनं आधी कोलंबीची सुशी ठेवली. ती कोलंबी उकडलेली असते. हातानं खाल्ली तरी चालते, किंबहुना ती जुनी रीतच आहे, हे कळल्यावर त्यांनी काड्या बाजूला सारल्या आणि एका घासात मुटका संपवला. त्यांनी मान डोलावलेली शेफनं बघितली, आणि पुढचा मुटका त्यांना जरा लहान करून दिला. मग त्यांनी न विचारता कच्च्या माशाचाही एक घास घेतला! ती हिरवी वसाबी नाकात झणझणली तशी म्हणाल्या, “ही तर फेसलेली मोहरी!” अगदी बरोबर. दोन्हींतला झणका एकाच द्रव्याचा असतो. म्हणून तो मिरचीसारखा जिभेवर रेंगाळत नाही, नाकात चढतो आणि क्षणात उतरतो.

शेवटी आला तेंपुरा, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेली भाजी आणि कोलंबी. ही कला जपान्यांना सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडून मिळाली असं म्हणतात. त्याच शतकात तेच पोर्तुगीज आपल्या वसई-ठाण्यातही होतेच की! तेंपुऱ्यात एरवी वांगंही असतं. सासूबाईंच्या ताटलीत त्याच्या जागी रताळं होतं. त्यांनी ते बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी बारा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

मी स्वतःही त्या दिवशी फार सुखानं जेवले, मैत्रिणींनो. पुढे काय येणार हे मला ठाऊक नव्हतं आणि ठरवायचंही नव्हतं. असं आपण कुठे जेवतो? माहेरी! तिथे आई विचारत नाही, कारण तिला माहीत असतं. तिथे आपणही ‘हे का केलंस’ म्हणत नाही. सोपवणं म्हणतात ते हेच. ज्यानं करायचं त्यानं समोरच्याकडे लक्ष ठेवायचं आणि ज्यानं खायचं त्यानं विश्वास टाकायचा. ‘काहीही कर’ ह्यात ह्यातलं काहीच नसतं. ते नुसतं अंग काढून घेणं.

बिल दरडोई साडेतीन हजार झालं. भाऊजींनी दिलं म्हणून गेलो. मध्यमवर्गीय संसारात हे पुन्हापुन्हा करण्यासारखं नाही, हे उघडच आहे. पण तुमच्यापैकी कुणाला असा योग आलाच, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा.

शाकाहारी असाल तर आधी फोन करून स्पष्ट सांगा. नुसतं ‘मासे नकोत’ म्हणणं पुरत नाही, कारण त्यांच्या बहुतेक सुपांत, रश्शांत वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. तो वगळून समुद्रातल्या शेवाळाचा आणि अळंबीचा अर्क वापरता येतो. त्यांच्या बौद्ध मठांतला स्वयंपाक तसाच असतो. गरोदर बाईनं कच्चा मासा टाळावा. सोया सॉसमध्ये मुटक्याची माशाची बाजू टेकवावी, भात बुडवू नये. आणि काड्या भातात उभ्या खोचून ठेवू नयेत. जपानात तसं फक्त मृतांसाठी ठेवलेल्या भातात करतात. आपल्या पिंडाच्या भातासारखंच समजा ना!

आणखी एक, बाजारातली सुरमई आणून घरी कच्ची करून बघण्याचा उत्साह मुळीच नको. कच्चा खायचा मासा त्यातले कृमी मरावेत म्हणून उणे 20 अंशांवर आठवडाभर गोठवावा लागतो. आपल्या घरच्या फ्रीजच्या भरवशावर हे प्रयोग करण्यात अर्थ नाही. हौस असेल तर काकडी, गाजर घालून इंद्रायणीच्या भाताचे मुटके करा, मुलं आवडीनं खातात.

पण त्या हॉटेलातून आमच्या घरात खरी आली ती पाककृती नव्हे, तो प्रश्न आला. फ्रीजवर एक कागद चिकटवलाय. त्यावर प्रत्येकानं आपापल्या हातानं ‘नको’ची यादी लिहायची. जास्तीत जास्त तीन पदार्थ, नाहीतर मुलं सगळ्या पालेभाज्या लिहून मोकळी होतील! मामंजींनी पहिल्यांदा सासूबाईंना लिहायला लावलं. आता रविवारी वांगी होतात, पण सासूबाईंच्या पानात वालाचं बिरडं असतं. ते सोलायला मामंजी स्वतः बसतात. निम्मे दाणे चुरगळतात, पण बसतात.

आणि शनिवारची संध्याकाळ मी सोपवून टाकली आहे. त्या दिवशी काय करायचं ते ह्यांनी आणि लेकीनं ठरवायचं, त्यांनीच करायचं, आणि मला विचारायला यायचं नाही. पहिल्या शनिवारी पिठलं-भात झाला. पिठल्यात गुठळ्या होत्या. मी एक अक्षर बोलले नाही, दोनदा वाढून घेतलं.

तुम्हीही आज रात्रीच्या पंगतीला घरातल्या थोरल्या बाईला विचारून बघा, “तुम्हाला काय नको?” पहिलं उत्तर ‘मला काहीही चालतं’ असंच येईल. तिथे थांबू नका. आणखी एकदा विचारा.