खरी पसंती विचारणारी यादी

रँक लिस्टला रूप म्हणावं असं काही नाही. क्रमांक, प्रोग्रॅमचा कोड, हॉस्पिटलचं नाव, बस. अमेरिकेत रेसिडेन्सी करू पाहणारे डॉक्टर हिवाळा सरता सरता नॅशनल रेसिडेंट मॅचिंग प्रोग्रॅमच्या, म्हणजे एनआरएमपीच्या, संगणकावर ती भरतात. जिथं मुलाखत झाली ती ठिकाणं आपल्या पसंतीनं एकाखाली एक लावायची आणि ठरलेल्या दिवशी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे नऊ वाजायच्या आत सर्टिफाय करायची. मिरजेत किंवा नागपुरात तेव्हा दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात झालेले असतात. त्यानंतर तिला हात लावता येत नाही.

तिच्याआधीचं सगळं वर्ष दुसऱ्याला पटवण्यात गेलेलं असतं. अमेरिकेतल्या वैद्यकीय परवान्याच्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे स्टेप वनमध्ये, २०२२ पासून गुण मिळत नाहीत, नुसतं पास किंवा नापास. म्हणून स्टेप टूच्या गुणांवर सगळा भार. मग शिफारसपत्रं, पर्सनल स्टेटमेंट, अर्ज, आणि मुलाखतीच्या बोलावण्याची वाट. मुलं मुलाखतीला आयव्ही म्हणतात. ‘किती आयव्ही आल्या?’ हा त्यांच्या ग्रुपवरचा सगळ्यात दुखरा प्रश्न. कोविडपासून बहुतेक मुलाखती व्हिडिओवर होतात. तिकडे सकाळ असते तेव्हा इकडे दिवेलागण झालेली असते. घरात टीव्ही बंद, कुकर लवकर लावून ठेवलेला, आणि आतल्या खोलीत कोट घातलेली मुलगी सांगत असते की एमबीबीएसनंतरच्या दोन वर्षांत तिनं काय केलं. प्रत्येक ठिकाणी ती मनापासून बोलते, आणि प्रत्येक ठिकाणी तेच म्हणते: तुमच्याकडे यायला मला फार आवडेल. प्रोग्रॅमकडूनही गोड पत्रं येतात. या सगळ्या गोडव्याचं रँक लिस्टला काही नसतं. ‘आम्हाला कितव्या नंबरवर ठेवणार?’ असं उमेदवाराला विचारायला प्रोग्रॅमना नियमानंच मनाई आहे. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी उलटा प्रश्न विचारतं: तुला कुठं जायचंय?

उत्तर देणं सोपं नसतं, कारण आपल्या घरांत पसंतीक्रम भरण्याचं एक शास्त्र मुरलेलं आहे. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडला गेल्या वर्षीचे कटऑफ पुढ्यात घेऊन बसलेले वडील सगळ्यांनी पाहिलेत. त्याच अनुभवातून काका सांगतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. जिथं नक्की घेतील ते वर टाक. बोलण्यात माया असते, पण या यादीपुरता हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा ते नीट समजून घ्यायला हवं.

संगणक आधी उमेदवाराच्या पहिल्या नावाकडे जातो. त्या प्रोग्रॅमनंही आपल्या यादीत तिचं नाव घेतलं असेल आणि जागा असेल, तर ती तात्पुरती तिच्या नावावर लागते. तात्पुरती, कारण पुढे त्या प्रोग्रॅमला अधिक हवा असलेला कुणी आला तर तिला तिथून उठावं लागतं. मग संगणक तिच्या दुसऱ्या नावाकडे जातो. तोवर तिथल्या जागा भरल्या असतील ना? भरल्या असोत. ही रेशनची रांग नव्हे. उशिरा आली म्हणून तिला कुणी मागे लोटत नाही. त्या प्रोग्रॅमनं स्वतःच्या यादीत तिला तात्पुरत्या बसलेल्यांपैकी कुणाच्याही वर ठेवलं असेल, तर शेवटचा उठतो आणि ती बसते. म्हणजे अवघड वाटणारं नाव वर ठेवल्यानं खालच्या नावावरचा तिचा हक्क तसूभरही कमी होत नाही. मोठी इच्छा धरल्याबद्दल ही यादी शिक्षा करत नाही. माणसांनी बनवलेल्या किती व्यवस्थांबद्दल असं म्हणता येईल?

तिचा हा स्वभाव जन्मजात नव्हता, तो विद्यार्थ्यांनी भांडून मिळवला आहे. १९४० च्या दशकात चांगल्या इंटर्नसाठी हॉस्पिटलांमध्ये अशी ओढाताण चाले की पदवीच्या दोन-दोन वर्षं आधी जागा ठरत. पुढे तारखा बांधून दिल्या, तर तार आल्यावर काही तासांत हो की नाही ते कळवायची वेळ आली. म्हणून मध्यवर्ती मॅचची, म्हणजे एकाच ठिकाणी जुळणी करण्याची, कल्पना निघाली. पण पहिला आराखडा असा होता की अवघड ठिकाण वर लिहिणाऱ्याचं नुकसान व्हावं. १९५१ मध्ये विद्यार्थी देशभर संघटित झाले. त्यांच्या पुढाऱ्यांत हार्वर्डचा हार्डी हेंड्रेन होता, जो पुढे नामांकित बालशल्यविशारद झाला. आराखडा बदलला आणि १९५२ मध्ये पहिली मॅच झाली. दहा वर्षांनी डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी अशा जुळणीचा सिद्धांत स्वतंत्रपणे मांडला. आरंभ हॉस्पिटलांच्या यादीपासून न करता उमेदवारांच्या यादीपासून करावा, हा बदल ॲल्विन रॉथ यांच्या मांडणीतून १९९८ मध्ये झाला. त्यानं हजारात एखाद्याचाच निकाल बदलणार होता, तरी तो केला, हे मला फार मोलाचं वाटतं. २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल रॉथ आणि शॅप्ली यांना मिळालं.

नवरा-बायको दोघं डॉक्टर असतील तर त्यांना याद्या जोडता येतात. मग ओळीत एक नाव नसतं, जोडी असते: तू या हॉस्पिटलात, मी शेजारच्या. कुठल्या ओळीपासून एका शहराचा हट्ट सोडायचा, हे ठरवताना संसारातले बरेच न बोललेले प्रश्न बोलावे लागतात.

आता या यादीची मर्यादा. क्रम लावणं उमेदवाराच्या हाती आहे, लांबी नाही. मुलाखत झाली नसेल तिथलं नाव लिहून उपयोग नाही, कारण त्या प्रोग्रॅमच्या यादीत आपण नसतो. २०२५ च्या मॅचमध्ये ४३ हजारांहून अधिक जागा होत्या. अमेरिकेतल्या एमडी कॉलेजांच्या शेवटच्या वर्षातले ९३ टक्क्यांहून अधिक विद्यार्थी मॅच झाले. बाहेर शिकलेले, अमेरिकेचे नागरिक नसलेले सुमारे ५८ टक्के. आपली मुलं या दुसऱ्या रकान्यात येतात. व्हिसा देणारे प्रोग्रॅम थोडे, पदवीला किती वर्षं झाली यावर अर्जांची चाळणी. पंधरा नावांची यादी आणि तीन नावांची यादी यांच्यातला फरक मार्चमध्ये पडत नाही, तो आदल्या शरद ऋतूतच पडलेला असतो. आणि जिथं जायचंच नाही ते नाव केवळ लांबी वाढवायला लिहू नये. मॅच झाली की ती बांधून घेते.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी फक्त एवढं कळतं, मॅच झाली की नाही. कुठं, ते शुक्रवारी. आपल्याकडे रात्री साडेनऊला. सोमवारी ‘नाही’ आलेल्यांसाठी उरलेल्या जागांची सोप नावाची धावपळ त्याच आठवड्यात असते. तिथंही काही झालं नाही की घरात हिशेब सुरू होतो. तो गावाकडचा प्रोग्रॅम पहिला टाकला असता तर? काकांचं ऐकलं असतं तर?

या मुलांना कुणीतरी जवळ बसवून सांगायला हवं की तसं झालं नसतं. एकट्यानं भरलेली यादी असेल तर गणित इथं स्पष्ट बोलतं: त्याच नावांचा क्रम कसाही फिरवला असता, तरी उत्तर ‘नाही’ हेच आलं असतं. पुढच्या सप्टेंबरला अर्ज करताना कोणत्या प्रोग्रॅमना करायचा, शिफारस कुणाची घ्यायची, मधल्या काळात कुठं काम करायचं, हे सगळं बदलून पाहावं. पसंतीचा क्रम मात्र बरोबरच होता.